झडीत पळणारी बाई

आमच्या गावात कोणी पळताना दिसलं तर त्याची दोनच कारणं असतात. त्याची एसटी सुटत असते, नाहीतर घरी कोणाचं काही बरंवाईट झालेलं असतं. आणि भर पावसात, डोक्यावर छत्री नाही, हातात पिशवी नाही, अशी पन्नाशीला टेकलेली बाई पळताना दिसली तर पहिलं कारण आपोआपच बाद होतं. त्यामुळे गेल्या पाच पावसाळ्यांत माझ्यासाठी किती मोटरसायकली थांबल्या याचा हिशेब नाही. रेनकोटातून एक हात बाहेर येतो, मागची सीट पुसली जाते (पुसून काय होणार, पण पुसतात) आणि आवाज येतो, "बसा मॅडम, सोडून देतो."

"नाही भाऊ, जा तुम्ही. मी पळायलाच निघाली आहे."

"ते दिसून राह्यलं जी. पण काहून?"

या 'काहून'चं नीट उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तोंडात पाणी जात असतं, दम लागलेला असतो, आणि मोटरसायकलवाल्याला 'साखर काठावर आहे' हे ओरडून सांगण्यात अर्थ नसतो. मी हात हलवते. तो मान हलवतो. त्या मान हलवण्याचा अर्थ मला कळतो.

साखरेचं खरं आहे. यवतमाळ जिल्ह्यात, बेंबळेच्या खोऱ्यात आमचं गाव. शेजारच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. पाच वर्षांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, रोज अर्धा तास घाम निघेल असं चाला. मी त्यांना आमच्याकडचे महिने मोजून दाखवले. मार्चपासून जूनपर्यंत ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पहाटेसुद्धा घराच्या भिंती गरम लागतात. मग जून ते सप्टेंबर पावसाळा. उरले ते दिवाळीच्या आजूबाजूचे चार-सहा महिने, त्यात लग्नं, परीक्षा, निवडणुकीची कामं. डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्यात साखर सुट्टीवर जाते का?" आमच्याकडे जिम नाही, घरात चालायचं तर ओसरी सात पावलांची. म्हणून बाहेर पडले. आधी चालले, मग थोडं पळाले. आता तोंड धुवायच्या आधी आभाळाकडे बघायचं सोडून दिलं आहे.

पाऊस म्हटलं की सगळा एकच असं नसतं. मृगाचा पाऊस वाजतगाजत येतो, धूळ उडवतो, टिनं वाजवतो आणि तासाभरात निघून जातो. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. तरण्यापेक्षा म्हातारा चिवट, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं आवडतं वाक्य. मघांच्या पावसाची म्हण मी वर्गात अर्धीच सांगते, उरलेली पोरं घरून ऐकून येतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून हसतात. पण या सगळ्यांहून वेगळी असते ती झड. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि तो पश्चिमेकडे सरकला, की दोन-तीन दिवसांत आमच्यावर झड लागते. ती कडकडाट करत नाही, घाईही करत नाही. रात्री कौलांवर सुरू झालेला आवाज सकाळी तसाच, दुपारी तसाच. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, आगपेटी पेटत नाही, आणि घरातली माणसं एकमेकांवर उगाच चिडतात. झडीत सगळ्यात आधी माणसाचा स्वभाव सडतो. पळायला बाहेर पडण्याचं हे दुसरं कारण, जे मी डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही.

हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की तो जोरदार पाऊस, ११५.६च्या पुढे अतिजोरदार. महसूल खात्याच्या लेखी ६५ मिलिमीटर ओलांडला की अतिवृष्टी, आणि मग पंचनाम्याची आशा. त्यामुळे हा आकडा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी, पाऊस आमच्या वावरात. तिथं थोडक्यात राहिला की इथलं पाण्याखालचं सोयाबीन कागदावर कोरडंच. माझं माप साधं आहे. टोपीच्या पुढच्या कडेवरून थेंब थेंब पडतो तोवर किरकोळ. त्याची धार लागली की बरा. आणि श्वास घेताना नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागतो, समोरचं बाभळीचं झाड पुसून जातं, तेव्हा जोराचा. टोपी मात्र हवीच. कडेची टोपी नसेल तर डोळे उघडे ठेवता येत नाहीत; पावसात पळायला लागणारी सगळ्यात मोलाची वस्तू हीच, आणि ती मला बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळाली आहे.

पहिली तीनशे-चारशे पावलं वाईट जातात. पाठीवरून पहिली थंड धार खाली उतरते तेव्हा दरवेळी वाटतं, परत फिरावं. माणूस तोवर स्वतःला कोरडं ठेवायच्या खटपटीत असतो, डबकी चुकवतो, खांदे वर ओढतो. मग कधीतरी बुटात पाणी शिरतं, आणि भिजायला काही शिल्लक राहत नाही. तिथून पुढे मोकळं. जुलैत पाऊस थांबलेला असतो, वर ढग आणि खाली वाफ, तेव्हा एक किलोमीटरमध्ये जीव नकोसा होतो. घाम येतो पण हवेतच इतकं पाणी असतं की तो उडत नाही, आणि घाम उडाला नाही तर अंग थंड होत नाही. झडीत ही कटकट नसते. अंगाची ऊब पाऊसच परस्पर घेऊन जातो. उन्हाळ्यात जे अंतर मला मारून टाकतं ते झडीत मी गप्पा मारत पार करते. फक्त फसवणूक एवढी की तहान लागत नाही. घाम येतच असतो, दिसत मात्र नाही. घरी येऊन डोकं दुखायला लागलं की आठवतं, सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. दोन तास पाण्यात राहून. आणि दुसरं म्हणजे थांबायचं नाही. पळतंय तोवर अंग गरम. रपट्यापाशी, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलापाशी, कोणाशी बोलायला पाच मिनिटं उभी राहिले की दात वाजायला लागतात.

कापसाचा मुलूख आमचा, आणि पावसात नडतो तो कापूसच. पहिल्या वर्षी मी सुती सलवार-कुर्त्यावर गेले होते. अर्ध्या वाटेत सलवार इतकं पाणी प्यायली की एका हातानं नाडी धरून घरी यावं लागलं. पातळ सुती कापड अंगाला चिकटतं ते वेगळंच. आता यवतमाळच्या बाजारातून घेतलेली काळी नायलॉनची ट्रॅक पॅन्ट आणि वरून मुलाचा जुना गडद टी-शर्ट. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन, नाहीतर ओल्या कापडानं कातडी सोलून निघते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी कोणी कोणाला सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

या कपड्यांचा प्रश्न मला नीट कळला तो पोट्ट्यांमुळे. आमच्या गावातून डांबरी रस्त्यावर निघालं की पिंपळापासून पांढऱ्या ऑइल पेंटनं रस्त्यावर आकडे लिहिलेले दिसतात: १००, ८००, १६००. पोलीस भरतीच्या पोरांनी टेप लावून मोजलेले. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. पोरींनी ते ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत काढले तर वीसपैकी वीस गुण, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. आमच्या गावातून तीन पोरी यायच्या, पहाटे पाचला, कोणाच्या तरी भावाला राखण ठेवून. पाऊस लागला की पोरं यायची, पोरी गायब. मला वाटलं, घाबरतात, सर्दी होईल म्हणून घरचे सोडत नसतील. एकीला विचारलं. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, पाण्याचं काई नाही. पण ओल्या कपड्यानं परत येतानी चौकातूनच यावं लागते न."

चौकात पानटपरी आहे. झडीच्या दिवसांत वावरात जाता येत नाही, म्हणून सगळा गाव पानटपरीच्या टिनाखाली.

मी काही मोठं केलं नाही. माझ्याकडे दोन जुनी जॅकेटं होती, ती शाळेच्या पिशवीत पन्नीत बांधून रपट्याजवळच्या पुलाच्या पाईपात ठेवायला लागले. येताना पोरी वरून घालायच्या आणि मी त्यांच्यासोबत चौकातून चालत जायचे, पळत नाही, चालत, एकेकाचं नाव घेऊन 'काय रे, चहा झाला का' विचारत. टपरीवरचे निम्मे माझे विद्यार्थी. तिसरीत पाढे चुकलेला माणूस पस्तिशीतही मास्तरणीसमोर बिडी लपवतो. २०२४ साली भरतीची मैदानी चाचणी नेमकी १९ जूनपासून, पावसाच्या तोंडावर सुरू झाली. पाऊस आला तर पुढची तारीख देऊ असं सरकारनं सांगितलं होतं. पण आमच्या पोरी म्हणाल्या, तारखेचं काय सांगता येते, आपण ओल्यातच पळून ठेवू. मोबाईलचं स्टॉपवॉच दुधाच्या पन्नीत घालून मी ८००च्या आकड्यावर उभी राहायचे. पन्नीवरून बोट घसरायचं, कधी बटण दाबलं जायचं नाही, मग त्या माझ्यावर ओरडायच्या. तिघींतली एक लागली. दुसरी दोन गुणांनी राहिली. तिसरीचं त्या मेमध्येच लग्न ठरलं होतं. ती शेवटपर्यंत पळायला येत होती, कशासाठी ते मी विचारलं नाही.

डांबरी रस्ता सोडायचा नाही, हे मी एकदाच शिकले. एका सकाळी समोरून ट्रक येत होते म्हणून पांधणीनं आत शिरले. आमची माती काळी, कसदार, आणि पाण्यात फुगणारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस पडला की त्या मिटतात आणि जमीन लोण्यासारखी होते. पहिल्या पावलाला बुटाला थोडा गारा, म्हणजे चिखल, लागला. दुसऱ्याला त्या गाऱ्याला आणखी गारा. दहा पावलांत माझ्या बुटाखाली दुसरा बूट तयार झाला, आणि मी चार बोटं उंच झाले. पाय उचलावा तर मांडी भरून यायची. बारा-पंधरा पावलांनंतर उजवा पाय वर आला तो नुसता मोज्यातला. बूट खाली, त्याचं तोंड आभाळाकडे, त्यात पाऊस भरतोय. मी एका पायावर उभी, दुसरा मोजा हवेत, धरायला आजूबाजूला फक्त हातभर पऱ्हाटी. शेवटी बसलेच. बसल्या बसल्या दोन्ही हातांनी बूट खणून काढला तेव्हा मातीनं 'पचक्' असा आवाज केला, मनाविरुद्ध सोडल्यासारखा. मुरमाड रस्त्यावर पळता येतं, डांबरावर पळता येतं. काळ्या मातीवर पावसात फक्त थांबता येतं.

आणि सगळं गाव तेच करत असतं. थांबलेलं असतं. वापसा होईपर्यंत, म्हणजे पाणी निथळून माती कामाजोगी होईपर्यंत, वावरात पाय घालायचा नाही, घातला तर मातीची ढेकळं होतात आणि पिकाचं मूळ दुखावतं. झड चार दिवस चालली की चार दिवस निंदण नाही, डवरणी नाही. निंदायला जाणाऱ्या बायांना चार दिवसांचा रोज नाही. त्या दारात बसून असतात, आणि त्यांच्या दारावरून मी पळत जाते, अंगाला कामच नाही म्हणून काम शोधायला निघालेली. मला याची लाज वाटते. पाच वर्षं झाली तरी थोडी वाटतेच. भुरभूर पाऊस असतो तेव्हा उलटं. बाया युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन ओळीनं वावरात वाकलेल्या असतात, आणि मी रस्त्यावरून, ताठ. एकदा आमच्या घरामागच्या काकू धुऱ्यावरून ओरडल्या, "मॅडम, इतकाच जोर आला असंन तं या इकडे, दोन तासं निंदून द्या!" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि गेले. एक तास, म्हणजे पिकाची एक ओळ, काढून दिलं, पुरतं नाही. वाकून वाकून कंबर धरली. पाच किलोमीटर पळून न दमणारी मी, अर्ध्या तासात बांधावर बसले. काकूंनी कोऱ्या चहाचं झाकण पुढे केलं आणि काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मी अजून विसरले नाही.

विजेचं मात्र चेष्टेवारी नाही. झडीत सहसा कडकडाट नसतो. वीज असते ती मृगाच्या आगेमागे आणि परतीच्या पावसात, दुपारनंतर. तेव्हा मी बाहेर पडत नाही. एकदाच चुकले, सप्टेंबरात, संध्याकाळी. मोकळ्या माळावर होते. लख्ख झालं, मी मोजायला लागले, एक, दोन, तीन... नवावर गडगडलं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज तीन किलोमीटरवर. आम्ही हे सहावीला शिकवतो, उदाहरण म्हणून. तीसच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, हेही शिकवतो. त्या माळावर पक्कं घर नव्हतं, एक कडुनिंब होता, आणि सगळं शिकवलेलं असूनही माझे पाय त्या कडुनिंबाकडेच वळले होते. झाड दिसलं की आसरा, हे अंगात इतकं मुरलेलं आहे. स्वतःला ओढून रस्त्यावर घेतलं. देवाची कृपा म्हणजे एक बंद काचांची जीप आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा 'बसा मॅडम' म्हटल्यावर मी बसले. आता फोनमध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे. रपट्यावरून घोट्याच्या वर पाणी वाहत असलं तर परत फिरायचं, हा दुसरा नियम. २२ जुलै २०२३ला आमच्या जिल्ह्यात जो पाऊस झाला, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावरची माणसं पुरात अडकली आणि हवाई दलाला बोलवावं लागलं, त्या दिवशी मी दार उघडून ओसरीपर्यंत गेले आणि आत आले. पळण्याचा विचारही लाजिरवाणा वाटला.

गेल्या वर्षी पुष्यात झड लागली ती आठ दिवस. मी सहा दिवस गेले. बूट रोज ओले, रात्रभर चुलीपाशी ठेवून सकाळी कोमट ओले. सातव्या दिवशी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरं पडलं, मग कातडी फाटली आणि आग व्हायला लागली. शाळेतून आल्यावर ओसरीत पाय पुढे करून बघत बसले होते. माय तांदूळ निवडत होती. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिनं चष्मा वर केला, माझा पाय हातात घेतला, बोटं फाकवून बघितलं.

"चिखल्या झाल्या तुले."

आवाजात काळजी नव्हती, आश्चर्य होतं. शहाण्या, नोकरीवाल्या पोरीला चिखल्या. चिखल्या निंदणाऱ्या बाईला होतात, दिवसभर गाऱ्यात उभं राहून. तिला दर पावसाळ्यात व्हायच्या. मी लहान असताना रात्री ती मेंदीचा पाला वाटून बोटांत भरायची आणि पाय भिंतीला टेकवून झोपायची. सकाळी तिची बोटं नवरीसारखी लाल असायची आणि मला वाटायचं माय नटते. तिनं तीच मेंदी परड्यातून आणायला लावली, पाट्यावर वाटली. माझ्या बेचक्यांत भरताना तिची स्वतःची बोटं मला दिसत होती, वाकडी झालेली, नखं जाड, बेचक्यांतली कातडी कायमची काळी.

"किती पयली सकायी?"

"पाच किलोमीटर."

"अन् आली कुठी?"

"कुठी म्हणजे? इथंच. घरी."

ती वाटायची थांबली. "पाच किलोमीटर पयली अन् आली घरीच?" आणि हसायलाच लागली. दात नसलेलं, आवाज न होणारं हसू, खांदे हलणारं. मेंदी माझ्या घोट्यावर सांडली. त्या रात्री ताट वाढताना तिला पुन्हा आठवलं, पुन्हा हसली.

मी झोपल्यावर तिनं काहीतरी खुडबुड केली होती. सकाळी बघितलं तर चुलीपाशी माझे बूट नव्हते, कोठीत होते, आणि दोन्हींत कापूस ठासून भरलेला. फरदडीचा, पिवळट, भाव नाही म्हणून पोत्यात पडून राहिलेला. बोट घालून बघितलं: आतून कोरडे ठाक. मी मुठीमुठीनं कापूस उपसला, जाड, ओला, जड. पायाला पट्ट्या बांधल्या, बूट घातले. बाहेर झड तशीच होती.

पिंपळापाशी एक पोरगी उभी होती, नवीन, या वर्षीची. "मॅडम, टाइम लावाल का?" म्हणाली. पन्नीतला फोन तिलाच दिला आणि सोबत पळायला लागले. १००चा आकडा गेला. आठशेच्या अलीकडेच उजव्या टाचेखाली काहीतरी टोचायला लागलं. थोडं सोसलं, मग रपट्याच्या कठड्याला टेकून बूट काढला, उलटा करून आपटला.

सरकी होती.